कागदी महिना

माझी बायको यमुना गेल्याचं मला बाबूच्या फोनवरून कळलं. मंगळवार होता. मी हुबळीत गोकुळ रोडच्या वर्कशॉपमध्ये लेथवर एक शाफ्ट लावला होता आणि फोन खिशात थरथरत होता. कट चालू असताना मी फोन घेत नाही हे घरच्यांना माहीत आहे, म्हणून घरचे एकदाच वाजवतात. हा तीनदा वाजला. चौथ्यांदा वाजला तेव्हा मी टूल मागे घेतलं, मशीन बंद केलं, हात पुसले आणि फोन कानाला लावला.

बाबू हा धारवाडला यमुनाच्या पॉलिटेक्निकमधला लॅब अटेंडंट, माझ्याच वयाचा. म्हणाला, "अण्णा, मॅडमना दवाखान्यात आणलंय. तुम्ही या."

"शुद्धीवर आहे का?"

"तुम्ही या अण्णा."

एवढ्यावरून कळलं. धारवाडला जाणाऱ्या चिगरी बसमध्ये बसायला जागा होती, पण मी अर्ध्या वाटेवरच्या नवनगरपर्यंत उभाच होतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबूने झालं ते सांगितलं. पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. या परीक्षेत मुलं चिठ्ठी उचलतात, चिठ्ठीवर नंबर असतो, त्या नंबरचा प्रोग्रॅम लिहून दाखवायचा. प्रोग्रॅम बाराच असतात, आणि मुलं ते सगळे तोंडपाठ करून येतात. एका मुलाला सात नंबर आला होता. दहा आकडे घेऊन त्यातला मोठा शोधायचा. त्याने तो एका दमात उतरवला, स्वल्पविरामसुद्धा चुकला नाही. यमुना त्याला म्हणाली, "छान. आता दहाच्या जागी अकरा आकडे घेऊन दाखव."

मुलगा म्हणाला, "मॅडम, अकरा सिलॅबसमध्ये नाही."

यमुना हसली, हसत हसत खुर्चीवर बसली आणि उठली नाही.

"मला वाटलं, हसू आवरेना म्हणून डोकं टेबलावर टेकलंय," बाबू म्हणाला. "मी पाणी आणायला गेलो."

डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या मुलाला वाटत असेल की आपल्या उत्तरानेच झालं. कुणीतरी त्याला सांगायला पाहिजे की तसं नाही. असली उत्तरं ती वर्षाला पन्नास ऐकायची आणि संध्याकाळी जेवताना मला ऐकवायची.

आम्ही दोघेही अळणावरकडच्या खेड्यातले. मी आयटीआय करून टर्नर झालो. तिने लग्नानंतर डिप्लोमा केला, मग डिग्री केली आणि पॉलिटेक्निकमध्ये लागली. बावीस वर्षं पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकवलं. तेवढ्या काळात वरून चार वेळा अभ्यासक्रमाची नवीन योजना आली. आधी एक भाषा होती, मग दुसरी आली, मग सगळं वस्तूंच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या, पद्धतीने शिकवा असं आलं, मग आणखी एक भाषा. प्रत्येक योजनेच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असायचं की आता विद्यार्थ्यांना विषय सोपा वाटेल. यमुना ते पान मला मोठ्याने वाचून दाखवायची. "अहो, म्हणजे मागची पाच वर्षं अवघड आहे हे यांना माहीत होतं," म्हणायची.

तिची स्वतःची पद्धत मात्र एकच होती आणि ती कुठल्याच योजनेत नव्हती. पहिला महिना ती मुलांना कॉम्प्युटरला हात लावू द्यायची नाही. नुसता कागद आणि पेन. पॉलिटेक्निकमध्ये त्याला कागदी महिना म्हणत. मुलं घरी जाऊन सांगायची की मॅडमना कॉम्प्युटर येत नाही. एकाचे वडील तर खरंच येत नाही का ते विचारायला आले होते.

मला शिकवण्यातलं काही कळत नाही, पण हे कळत होतं. आयटीआयमध्ये आलेल्या पोराला पहिल्या दिवशी लेथ देत नाहीत. लोखंडाचा तुकडा देतात आणि कानस देतात. घास म्हणतात. महिनाभर घासल्यावर त्याला कळतं की लोखंड आपलं ऐकायला बसलेलं नाही.

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळी मुलं मालमड्डीतल्या आमच्या घरी यायची. प्रत्येकाने गिरमिट कसं करायचं ते कागदावर लिहून आणायचं. आणि तो कागद वाचून गिरमिट करणारं मशीन म्हणजे मी. मशीनला नियम एवढाच की कागदावर आहे तेवढंच करायचं आणि तोंड उघडायचं नाही.

आमच्याकडे गिरमिट खाल्लं नाही असं मूल सापडणार नाही. चुरमुरे, चिंच-गूळ घालून परतलेलं गोज्जू, डाळ्याचं पीठ, कांदा, वर शेव. मुलांना वाटायचं पाच ओळींचं काम आहे. पहिला कागद यायचा, 'चुरमुरे घ्या.' मी दोन्ही हातांत चुरमुरे घ्यायचो. पुढे, 'कांदा चिरा.' माझे हात भरलेले, मी कांद्याकडे बघत उभा. चुरमुरे खाली ठेवा असं कुणी लिहिलेलं नसायचं. मुलं म्हणायची, "ठेवा अंकल, ठेवा हो." मशीन तसंच उभं. यमुना कोपऱ्यात स्टुलावर बसून म्हणायची, "कागदावर लिही बाळा. ते तीस वर्षं माझं ऐकत नाही, तुझं काय ऐकणार?"

दुसरा कागद सुधारून यायचा. त्यात 'कांदा चिरा' असलं की मी एक काप द्यायचो आणि सुरी खाली ठेवायचो. 'बारीक होईपर्यंत चिरत राहा' असं आलं की चिरतच राहायचो, कारण बारीक म्हणजे किती ते मशीनला ठाऊक नाही. एकदा अर्धा तास चिरला. चौथ्या कागदापर्यंत मुलं इरेला पेटायची, जमिनीवर बसून एकमेकांच्या चुका काढायची. दुपारी तीनच्या सुमारास कधीतरी एक ताट खाण्याजोगं व्हायचं. मुलांनी माझं नाव मशिनप्पा ठेवलं होतं. सुभाष रोडवर भाजी घेताना टक्कल पडलेले इंजिनियर मला अजून त्या नावाने हाक मारतात.

तेराव्यानंतर दोन आठवड्यांनी प्रवीण सर घरी आले. यमुनाच्या जागी आता ते शिकवतात. ते तिचेच विद्यार्थी, दोन हजार तेराच्या तुकडीतले. तिच्या कपाटातल्या वस्तू एका खोक्यात भरून आणल्या होत्या. खोकं टेबलावर ठेवलं, चहा घेतला, आणि मग जे सांगायला आले होते ते सांगितलं.

"अंकल, पुढच्या वर्षापासून कागदी महिना राहणार नाही. नवीन योजनेत बसत नाही. बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगावं म्हटलं."

"त्या जागी काय?"

"पहिल्या दिवसापासून वस्तू. जग वस्तूंनीच भरलंय ना. कुत्रा ही वस्तू, मांजर ही वस्तू. दोघे प्राणी या वर्गातून येतात. कुत्र्याला म्हणायचं 'बोल', तो भुंकतो. मांजराला म्हणायचं 'बोल', ते म्याव करतं. मुलांना लगेच पटतं."

"पटेल की. मग त्या कुत्र्याचं पुढे काय करता?"

"म्हणजे?"

"भुंकून झाल्यावर."

प्रवीण सरांनी जरा विचार केला. "भुंकून झाल्यावर प्रोग्रॅम संपतो."

मी म्हटलं, "गिरमिट या पद्धतीने कसं होईल?"

त्यांना उत्साह आला. "हे बघा. कांदा ही वस्तू. चिरण्याची रीत कांद्याच्या आतच असते. आपण फक्त सांगायचं, कांद्या, चिरून घे."

"स्वतःला?"

"हो."

"मग सुरी कशाला?"

"सुरी पण वस्तू आहे."

"तिला काय सांगायचं?"

"ते तुम्ही कसं आखता त्यावर आहे. कांद्याला सुरी द्यायची की सुरीला कांदा द्यायचा, यावर दोन मतं आहेत."

यमुना असती तर तिने विचारलं असतं की मग रडायचं कोणी. मी विचारलं नाही, कारण ते खोकं आमच्यामध्ये होतं.

तसा त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. म्हणाले, शंभर माणसं एका कामावर असतात तेव्हा प्रत्येकाने आपापल्या वस्तू सांभाळल्या की गोंधळ होत नाही. हे मला पटलं. आमच्याकडेही ज्याचा त्याचा टूलबॉक्स असतो. फक्त नवीन आलेल्याला आम्ही तो पहिल्या दिवशी देत नाही.

"आणि अंकल, खरं कारण ते नाहीच," प्रवीण सर म्हणाले. "मॅडमचा सगळा धडा काय होता? मशीन मूर्ख असतं, त्याला एकेक पायरी सांगावी लागते. आता तसं राहिलं नाही. मुलं फोनला बोलून सांगतात, फोन प्रोग्रॅम लिहून देतो. अर्धवट सांगितलं तरी त्याला कळतं. जे मशीन मूर्ख राहिलंच नाही त्यासाठी एक महिना का घालवायचा? शुक्रवारी नाही, पुढच्या शुक्रवारी विभागाची मीटिंग आहे. मला तिथे मांडता येईल असं एक कारण द्या, मी मांडतो. मला स्वतःला तो रविवार आवडला होता. माझं गिरमिट पहिल्याच फेरीत झालं होतं."

तिच्या साड्या वहिनीने वाटल्या तेव्हा मी बघत होतो आणि काही बोललो नव्हतो. तिचा चष्मा कुठे ठेवायचा तेही मला कळत नव्हतं. पण हा महिना जाणार म्हटल्यावर मला बसवेना. बावीस वर्षांत दुसऱ्यांच्या योजना शिकवून झाल्यावर तिची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट उरत होती. मी म्हटलं, "मीटिंगच्या आधीच्या रविवारी चार मुलं घेऊन या. कागद त्यांनी कसेही लिहू देत. फोनवरून लिहिले तरी चालेल."

"कशासाठी?"

"गिरमिट खायला."

ते गेल्यावर मी खोकं उघडलं. त्यात तिच्या वह्या होत्या. दर वर्षीच्या त्या रविवारची नोंद तिने ठेवलेली होती, मराठीत, बारीक अक्षरात. कोणत्या मुलाचा कागद कितव्या ओळीला अडला, का अडला. मला वाटलं यात कारण सापडेल. सापडलं ते भलतंच.

दोन हजार तेराच्या पानावर होतं, 'प्रवीण. कागदात गॅस लावायचं लिहिलेलं नाही. मशीनने लावला. विचारलं तर म्हणतं, सवयीने हात गेला. दहापैकी दहा द्यावे लागले. हुशार मुलगा आहे, पण आज तो काही शिकला नाही.'

त्याच्या पुढच्या वर्षी, 'मुलगी रडवेली झाली होती म्हणून मशीनने चुरमुरे न सांगता खाली ठेवले.' मग अठरा साली, 'मशीन फितूर झालं आहे. मुलांनी काय लिहिलंय ते वाचत नाही, त्यांना काय म्हणायचंय ते ओळखून करतं. आज तेरा कागद, तेरा ताटं, चव एकच. मशीनच्या आवडीची.' आणि खाली एक ओळ, 'मशीन बदलायला हवं. दुसरं मिळणार नाही.'

मी ते पान पुन्हा वाचलं. मला राग आला, खरं सांगायचं तर. एवढी वर्षं ती स्टुलावर बसून हे बघत होती आणि गॅसचं एकदा विचारलं तेवढं सोडलं तर मला एका शब्दाने बोलली नाही. मी फितूर नव्हतो. पोरगी रडत होती. पण मिरची मी न विचारता घालत होतो हे खरं आहे, आणि मीठही.

शनिवारी वेदश्री आली. आमची मुलगी, बेंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये असते. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "अप्पा, आईचं पण चुकतं आणि प्रवीण सरांचं पण चुकतं."

"तुझं काय म्हणणं?"

"काहीच बदलायचं नाही. भांड्यात चुरमुरे आहेत ना, त्यात कांदा घालायचा नाही. कांदा घातलेलं नवीन भांडं तयार करायचं."

"आणि जुनं?"

"जुनं तसंच राहतं."

"मग मीठ?"

"मीठ घातलेलं आणखी नवीन भांडं."

"एका गिरमिटाला दहा भांडी होतील."

"होऊ देत. पण मीठ जास्त झालं तर मागचं भांडं शाबूत असतं. तुमच्यासारखं सगळं फेकून द्यावं लागत नाही."

"घासतं कोण?"

"त्याला वेगळी व्यवस्था असते. वापर संपलेली भांडी ती आपोआप येऊन गोळा करते. आपण बघायचं नाही."

"म्हणजे तू मोलकरीण गृहीत धरून प्रोग्रॅम लिहितेस."

वेदश्री हसायला लागली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली. "हे मी ऑफिसात सांगणार," म्हणाली, आणि मग आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

रविवारी अकराला प्रवीण सर चार मुलांना घेऊन आले. त्यातली दोघं बोलकी होती, दीपश्री आणि आकाश. चौघांनी कागद छापून आणले होते. मी असे कागद बघितले नव्हते. प्रत्येक कागद दोन पानांचा, वर मथळा, मध्ये ठळक अक्षरं, शेवटी 'गरमागरम सर्व्ह करा आणि आनंद घ्या.' आकाश म्हणाला, "फोनला फक्त 'गिरमिट' म्हटलं, अंकल. बाकी त्यानेच केलं."

मी आधी खरं मशीन झालो, फितूर नसलेलं. दीपश्रीचा कागद घेतला. कांदा किती, टोमॅटो किती, गॅस कसा ठेवायचा, सगळं लिहिलेलं. मी म्हटलं मनात, हा फोन आमच्या तेरा सालच्या मुलांपेक्षा बरा आहे. मग ओळ आली, 'चवीनुसार मीठ घालावे.' मी चमच्यात मीठ घेतलं आणि थांबलो.

एक मिनिट गेलं. गोज्जू बुडाला लागायला आलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"काय झालं?" प्रवीण सरांनी विचारलं.

वेदश्री दारात उभी होती. म्हणाली, "मशीनला चव नसते, सर."

आकाश म्हणाला, "पण फोनवरच्या मशीनला कळतं. हे जुनं मशीन आहे."

मग मी तोंड उघडलं. "बरोबर आहे तुझं. आता मी नवीन मशीन होतो. काय लिहिलंय त्यावर अडणार नाही, तुम्हाला काय पाहिजे ते ओळखून करतो. मग झालं?"

मुलांना ते आवडलं. मी गोज्जू खरवडून टाकलं, कढई धुतली आणि चार कागद समोर लावून भराभर चार ताटं केली. कुठे थांबलो नाही, कुणाला विचारलं नाही. पाऊण तासात सगळं झालं. आकाशने मोबाईलवर फोटो काढले. प्रवीण सर म्हणाले, "बघा, हेच मी म्हणत होतो."

"खा आधी," मी म्हटलं.

दीपश्रीने ताट पुढे ओढलं आणि हात मागे घेतला. "अंकल, यात कांदा आहे."

"आहे."

"आमच्या घरी कांदा चालत नाही."

"कागदात होता. एक मोठा, बारीक चिरलेला."

तिने कागद उचलून वाचला. मला वाटतं, तिने तो पहिल्यांदाच वाचला. "मी नको म्हणायला विसरले," म्हणाली. "मला वाटलं त्याला माहीत असेल."

"त्याला कसं माहीत असणार तुझ्या घरी काय चालतं?" वेदश्री म्हणाली.

आकाशने दोन घास खाल्ले आणि पाणी मागितलं. त्याच्याकडे गिरमिटात गूळ पुढे असतो म्हणे. उरलेल्या दोघांनी आपली ताटं एकमेकांना चाखायला दिली आणि ती एकसारखी लागली. मग चारही ताटांतून प्रत्येकाने एक एक घास घेतला. चारही सारखी.

"चार कागद वेगवेगळे होते ना?" दीपश्रीने विचारलं.

"ताटं करताना कागद मी बघितलेच नाहीत," मी म्हटलं. "मला येतं ते केलं. मी अळणावरकडचा, मिरची तिकडची पडली. मला कळलं खरं, पण मला कळलं ते माझं कळलं. तुमचं नाही. आणि चूक झाली तर ती कुठल्या ओळीत आहे हे तुम्हाला सांगता येणार नाही, कारण ओळी तुम्ही लिहिल्या नाहीत आणि वाचल्याही नाहीत."

एवढं लांब मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मला घाम आला. मुलांनाही आला होता, त्यांना मिरचीने असेल.

प्रवीण सर म्हणाले, "पण तुम्ही माणूस आहात, अंकल. फोन हळूहळू सुधारेल. विचारून घेईल."

"सुधारू दे. विचारलं तर उत्तर तर पोरांना देता यायला पाहिजे. चुरमुरे हातात आहेत हे ज्याच्या लक्षात येत नाही तो काय उत्तर देणार?" मग मी म्हटलं, "आणि सर, तुमच्या कागदात गॅस लावायचं लिहिलेलं नव्हतं."

"कुठल्या कागदात?"

मी तेरा सालची वही आणून त्यांच्यापुढे उघडून ठेवली. त्यांनी ती वाचली. विद्यार्थी बघत होते म्हणून वही जरा आपल्याकडे वळवून घेतली.

"मला दहापैकी दहा मिळाले होते," ते म्हणाले.

"ते माझे होते."

प्रवीण सरांनी वही मिटली, पण हातातून सोडली नाही. मुलांना म्हणाले, "चला, खाली बसा. फोन इकडे ठेवा. कागद घ्या." दुपारी तीनपर्यंत बसले. मी पुन्हा जुनं मशीन झालो. आकाशच्या कागदाला अकरा वेळा अडलो. दीपश्रीचं कांद्याशिवायचं एक ताट शेवटी झालं आणि तिने ते कुणाला दिलं नाही. प्रवीण सरांनीही स्वतःचा एक कागद लिहिला. त्यांचं चौथ्या फेरीत झालं.

निघताना दारात म्हणाले, "वस्तूंचं मी सोडणार नाही, अंकल."

"सोडू नका. महिना झाला की भुंकू दे कुत्र्याला."

शुक्रवारच्या मीटिंगनंतर त्यांचा फोन आला. महिना मंजूर झाला नाही. तीन आठवडे मंजूर झाले, आणि शेवटचा रविवार. पण अट घातली आहे. मॅडम होत्या तेव्हा सगळं त्यांच्या डोक्यात होतं, आता तसं चालणार नाही. पूर्ण पुस्तिका लिहून जूनअखेर विभागाकडे द्यायची, नाहीतर योजनेत आहे तेच शिकवलं जाईल. विभागप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं की अर्धवट पुस्तिका घेणार नाहीत.

पुस्तिका यमुनाने सुरू केली होती हे मला माहीत होतं. खोक्याच्या तळाशी एका फाइलमध्ये होती. तेरा धडे ठरवलेले, बारा टाईप केलेले. प्रवीण सर येऊन ती घेऊन गेले, वाचून परत आणून दिली, म्हणाले बारा धड्यांत एक शब्द हलवायची गरज नाही. तेराव्याला फक्त मथळा आहे, 'कागद बरोबर दिसत असूनही गिरमिट चुकलं तर.'

हा धडा सगळ्यात महत्त्वाचा, असं ते म्हणतात. चूक आपल्या लिहिण्यात आहे, मशीनमध्ये आहे की आपल्या समजुतीतच आहे, ते कसं शोधायचं. वर्गात ती हे तोंडी शिकवायची. त्यांना तास आठवतो, शब्द आठवत नाहीत. वेदश्रीने एक मसुदा पाठवला, तो तिच्या ऑफिसातल्या माणसांना कळेल असा आहे. प्रवीण सरांनी दोन पानं लिहिली आणि स्वतःच खोडली. मी वह्यांतून तिने चूक शोधल्याच्या जागा काढून दिल्या आहेत, एकशे चाळीस निघाल्या. प्रत्येक जागी तिने काय चुकलं ते लिहिलं आहे. ते तिला कसं सापडलं, हे कुठेच लिहिलेलं नाही.

आज मे महिन्याची एकवीस तारीख. तेरावा धडा लिहायचा राहिला आहे.